'बाप' नावाचा रकाना

शुक्रवार, रात्री साडेदहा

आषाढाची झड दिवसभर थांबली नाही. बारामतीच्या अलीकडे एका शेतावर तीन दिवसांचं शिबिर आहे, घोडे पाळणाऱ्यांसाठी. पत्रात 'नेतृत्व प्रशिक्षण' असं लिहिलं होतं, म्हणून मी चार दिवस अर्जच भरला नव्हता. मी कुणाची पुढारी नाही. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला आमचं घर, दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि एक घोडी, चांदणी. पण शिबिर भीमथडी या आमच्या भीमेकाठच्या घोड्याच्या जातीचं होतं आणि चांदणी भीमथडी आहे. शेवटी तेवढ्यावर निघाले.

तेवीस जण आहोत. घोडेस्वारी शिकवणारी पुण्याची दोन मुलं, लग्नात घोडी देणारे चौघे, पशुवैद्यकीचे विद्यार्थी, माझ्यासारखे शेतकरी आणि फलटणकडच्या दोन धनगर बाया, सख्ख्या जावा. थोरलीला सगळे आक्का म्हणायला लागले. पाऊसकाळात त्यांची मेंढरं घराकडे असतात, म्हणून त्यांना येता आलं.

संध्याकाळी शिकवायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आकडे सांगितले. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये तीन लाख चाळीस हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. खोलीत कुणी बोलेना. मग त्यांनी नोंद झालेल्या जाती वाचल्या: मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भूतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी आणि आठवी आपली भीमथडी. आठवं नाव घेतलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. देशातल्या जनावरांच्या जाती नोंदणाऱ्या कर्नालच्या संस्थेच्या वहीत आपल्या नदीचं नाव लागलंय.

शनिवार, रात्र

आजचा दिवस सगळाच्या सगळा उतरवून ठेवते.

सकाळी मोजमाप शिकवलं. घोडा सपाट जागी चारी पाय सरळ ठेवून उभा करायचा, मान फार उचललेली किंवा झुकलेली नको, आणि पट्टी खांद्यावरच्या उंचवट्यापाशी लावायची, डोक्यापाशी नाही. मी इतकी वर्षं चुकीचं मोजत होते. छातीचा घेर, पायाच्या नळीची जाडी, कपाळाची रुंदी, खुराचा रंग, केसांचे भोवरे कुठे आहेत, सगळं कागदावर. दातांवरून वय बघायलाही शिकवलं: पुढच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांनी पडते, दुसरी साडेतीनला, तिसरी साडेचारला. पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येऊन घोड्याचं तोंड पुरं होतं.

मोजमापाच्या वेळी लग्नाच्या घोडीवाल्यांपैकी एक जण म्हणाले, "हे तट्टू ठेवून करायचं काय? नवरदेवाचे पाय जमिनीला टेकतील." काही जण हसले. त्यांचं पोट घोडीवर आहे आणि वरातीला उंच घोडीच मागतात, हे खरंच आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतही आधी इंच विचारतात, मग देवमन म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा बघतात, मग रंग.

तेव्हा आक्का बोलल्या. आवाज न चढवता.

"आमी उंचीवर घोडी घेत न्हाय. सकाळच्या पारी बिऱ्हाड लादायचं आसतं. पोती, जुनेरं, भांडी, कोंबड्यांची डाल, येलेली मेंढी आसली तर तिचं कोकरू. लादतं कोण? बाया लादत्यात. गडी मेंढरांम्होरं गेल्याला आसतो. घोडीच्या पाठीवर माझा हात पुरला पायजे. न्हाय पुरला तर ती घोडी माझ्या काय कामाची?"

मी लिहायची थांबले. घोड्यांबद्दल इतकं ऐकत आले, पण घोडीची उंची बाईच्या हातावरून ठरते हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आपण भीमथडीचं नाव घेतलं की मराठ्यांच्या फौजा आठवतो, शिलेदार आणि बारगीर आठवतो. तो इतिहास खराच आहे. दख्खनच्या टेकड्यांत रानचं गवत खाऊन दौडणारं हे जनावर फौजेच्या कामाचं होतं. पण फौजा गेल्या त्याला दोनशे वर्षं झाली. त्यानंतर ही जात कुणी जगवली? दर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणाऱ्या आणि मृगाच्या आत परतणाऱ्या धनगरांच्या वाड्यांनी, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या तांड्यांनी. त्या वाड्यातल्या बाया रोज पहाटे घोडी लादत राहिल्या म्हणून ती राहिली.

दुपारनंतर मला कशातच लक्ष देता आलं नाही. कारण माझी एक गोष्ट मला आठवत होती.

सहा वर्षांपूर्वी चांदणी माजावर आली तेव्हा मी तिला चौसष्ट इंची मारवाडी घोड्याकडे नेलं. शिंगरू उंच होईल, चार पैसे येतील, गावात नाव होईल, असं वाटलं. चांदणी एकावन्न इंच. अकरा महिने तिनं ते ओझं वागवलं आणि विताना एक अख्खी रात्र अडली. पहाटे सुटली, दोघंही वाचले. शिंगरू देखणं निघालं, तिसऱ्या वर्षी विकलं, पैसेही आले. मी ते सगळ्यांना कौतुकानं सांगत असे. आज पहिल्यांदा वाटलं की चांदणीच्या पोटी जन्मायचं एक भीमथडी शिंगरू मी कमी केलं. आजूबाजूच्या गावांत अशा किती जणींनी आणि किती जणांनी तेच केलं असेल. जात संपते ती अशी, प्रेमानं आणि चांगल्या हेतूनं, एकेका घोडीमागे.

हे मी संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलले. बोलताना घसा दाटला. आक्कांनी नुसतं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

रविवार, दुपार

शेवटचं सत्र संपलं. प्रत्येकानं घरी जाऊन एक काम करायचं आहे: पाच घोडीवाले जमवायचे, वही घालायची आणि घोडी कुठल्या घोड्याला दाखवायची ते मिळून ठरवायचं. भाषण करायचं नाही. मला हे फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी एक धोकाही सांगितला. चांगला भीमथडी घोडा मिळाला की सगळे त्याच्याचकडे धावतात. मग त्याच्या लेकी तीन वर्षांच्या होतात आणि त्याही त्याच्याकडेच जातात. म्हणून लेकी वयात यायच्या आधी घोडा दुसऱ्या तालुक्यात हलवायचा आणि तिकडचा इकडे आणायचा. अशी अदलाबदल एकट्यानं होत नाही, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं. आमच्या गावात बांधावरून दोन पिढ्या न बोलणारी घरं आहेत, आणि त्यांतल्या एका घरी दोन घोड्या आहेत. मलाच जावं लागणार.

निघताना आक्कांना विचारलं, तुमच्याकडे घोडा आहे का? म्हणाल्या, "कुमेत हाय, चार सालाचा. खच्ची न्हाय केला आजून. तुमची माजावर आली की फोन करा." कुमेत म्हणजे तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा.

सोमवार, सकाळ

घरी आले. चांदणीनं लांबूनच ओळखलं, कान टवकारले. खरारा करताना तिच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. पुरतो.

वही घेतली, दोनशे पानी. पहिल्या पानावर चांदणीचं नाव, रंग, उंची, भोवरे, कुठल्या वाड्यातून आली ते. खाली तिच्या शिंगराची ओळ. 'बाप' या रकान्यात 'मारवाडी' लिहिलं. लिहायचं टाळता आलं असतं, शिंगरू केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेलंय आणि विचारायला कुणी येणार नाही. पण वही खोट्यानं सुरू करायची नव्हती.

त्याखालची ओळ कोरी सोडली आहे. बहुतेक पुढच्या आठवड्यात चांदणी माजावर येईल. आता चहा घेऊन त्या बांधापलीकडच्या घरी जाते.