पुखावाच्या मागावर: राड्झिन ते क्लुच्बोर्क

पोलंडला जाणारे बहुतेक पर्यटक क्राकूव आणि वॉर्सा पाहून परततात. इतिहासाची ओढ असलेले फार तर ग्रुनवाल्डचे रणांगण गाठतात. मी मात्र या वेळी दोब्येस्वाव पुखावा या एकाच सरदाराच्या मागावर जायचे ठरवले होते. प्रथम पोलंडच्या कॅथलिक राजासाठी लढलेला हा वीर पुढे हुस्साइटांचा, म्हणजे रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या चेक बंडखोरांचा, सेनानी झाला. हाच पालट मला खुणावत होता.

१५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्ड येथे पोलंड-लिथुआनियाच्या फौजेकडून ट्यूटॉनिक सरदारांच्या संघाचा, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा, दणदणीत पराभव झाला आणि त्यानंतर त्यांचे अनेक किल्ले पोलिश फौजेच्या हाती आले. त्यांपैकी राड्झिनच्या किल्ल्यात पुखावा ठाण मांडून बसला आणि गोलुबजवळ त्याने शत्रूच्या तुकडीचा फडशा पाडला. १४११ च्या तोरुनच्या तहाने किल्ला पुन्हा संघाकडे गेला.

या दोन ठिकाणांपैकी एकासाठीच वेळ असेल, तर राड्झिन निवडावे. गोलुबचा किल्ला डागडुजी केलेला, नीटनेटका आहे, तेथे मुक्कामही करता येतो आणि राजकन्या आन्ना वाझाच्या भुताची कथा आवर्जून सांगितली जाते. पण राड्झिनचे भग्न लाल दक्षिण अंग, त्याचे दोन बुरूज आणि विटांमध्येच काळ्या चकचकीत विटा बसवून साधलेली चौकटीची तिरपी नक्षी यांसमोर मी अर्धा तास नुसता उभा होतो. उतरत्या उन्हात त्या काळ्या विटा ओल्या असल्यासारख्या चमकतात, म्हणून दुपारनंतर जावे. ग्रुजोंझ या शहराहून अंतर सुमारे वीस किलोमीटर असले, तरी मी रविवारी गेल्याने परतीच्या बसची वाट पाहत बराच वेळ थांब्यावर काढावा लागला. वेळापत्रक आधी पाहावे, पाणी आणि खाणे जवळ ठेवावे.

तेथून दक्षिणेला सिलेसिया या प्रांतात उतरलो. पोलंडचा राजा याग्येवो याचा पुतण्या झिग्मुंट कोरिबुट १४२२ मध्ये हुस्साइटांच्या बाजूने प्रागमध्ये दाखल झाला होता आणि पुखावाही पुढे त्याच्याच बाजूने लढला. १४३० मध्ये क्लुच्बोर्क हुस्साइटांच्या हाती पडले आणि पुखावाने तेथे आपले ठाणे वसवून आसपासच्या मुलखावर धाक बसवला. ३० मे १४३४ रोजी लिपानीच्या लढाईत चेक हुस्साइटांच्याच दोन पक्षांत तुंबळ युद्ध होऊन कट्टर पक्ष संपला आणि त्याच वर्षी क्लुच्बोर्कचे ठाणेही सुटले.

व्रोत्स्वावहून क्लुच्बोर्कला थेट रेल्वेगाडी मिळते. तिकीट घेताना गावाचे नाव कागदावर लिहून दाखवावे. पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेल्या 'एल'चा उच्चार 'व' होतो, हे माहीत नसल्याने मी व्रोत्स्वावचे तिकीट काढताना खिडकीवर 'व्रोक्लॉ' म्हणत राहिलो आणि समोरची बाई संयमाने ऐकत राहिली.

गावात पुखावाची खूण शोधणाऱ्याची निराशाच होते. तटाचे काही तुकडे उरले आहेत, चौकही शांत आहे. जुन्या किल्ल्याच्या जागेतील संग्रहालय तर यान झ्येर्झोन या मधमाश्यांच्या अभ्यासकाच्या नावाचे आहे. राणीमाशीच्या अफलित अंड्यांतून नर जन्मतात, हे त्याने १९व्या शतकात दाखवून दिले. सरदाराच्या शोधात निघालेल्या मला तेथे मधमाश्यांच्या लाकडी पेट्या पाहण्यात दीड तास कधी गेला ते कळलेही नाही. पोलंडमध्ये सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, म्हणून क्लुच्बोर्कसाठी मंगळवार ते शुक्रवारचा दिवस धरावा, आणि व्रोत्स्वावला मुक्काम ठेवून एका दिवसात जाऊन यावे.