रिकामा खोका की खोका रिकामा

तक्रार अगदी साधी होती. मागवलेली वस्तू आली, मी खोका उघडला, तर आत काहीच नाही. मी इंग्रजीत ईमेल लिहिला: 'आय ओपन्ड द पार्सल अँड फाउंड द एम्प्टी बॉक्स.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोणता रिकामा खोका? तो पार्सलमध्ये चुकून जादा आला आहे का? वस्तू व्यवस्थित पोहोचली ना?

मी ते उत्तर तीनदा वाचलं. मला सांगायचं होतं, खोका रिकामा निघाला. वाचणाऱ्याला कळलं, मला कुठलातरी रिकामा खोका सापडला. आणखी चार ईमेल झाले, आठवडा गेला, तेव्हा कुठे गोष्ट मार्गी लागली. पैसे परत मिळाले, पण ते वाक्य मनातून जाईना. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, शब्दही बरोबर. मग चुकलं कुठे?

माझी एक मैत्रीण इंग्रजी शिकवते. तिला वाक्य दाखवलं. ती म्हणाली, "अगं, 'बॉक्स'च्या जागी 'इट' घालून बघ." मी घातलं. 'द एम्प्टी बॉक्स' हा सगळा मिळून एकच जिन्नस, त्यामुळे 'इट'ने तो अख्खा गिळला आणि उरलं फक्त 'आय फाउंड इट'. रिकामेपणाचा पत्ताच नाही. मग तिने दुसरं वाक्य लिहिलं: 'आय फाउंड द बॉक्स एम्प्टी.' इथे 'इट' घातलं तर 'आय फाउंड इट एम्प्टी' होतं. 'एम्प्टी' जागच्या जागी उभं राहतं, कारण ते खोक्याच्या नावाचा भाग नाही. खोक्याबद्दल सांगितलेली ती वेगळी बातमी आहे.

"मराठीत तू 'रिकामा खोका निघाला' म्हणाली असतीस का?" तिने विचारलं. कधीच नाही. 'खोका रिकामा निघाला' असंच म्हणाले असते. हा फरक मला लहानपणापासून येत होता. इंग्रजी लिहिताना मात्र 'विशेषण नामाच्या आधी' हा शाळेतला नियम हात धरून बसला होता.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी या दोन जोडण्यांना दोन नावं दिली, जंक्शन आणि नेक्सस. जंक्शनमध्ये विशेषण नामाला चिकटून वस्तूची ओळख पटवतं. नेक्ससमध्ये दोघांत उद्देश्य-विधेयाचं नातं असतं, म्हणजे एक छोटं वाक्यच. मला ही कल्पना फार आवडली. 'खोका रिकामा आहे' हे वाक्य 'आय फाउंड'च्या पोटात दडलंय, फक्त 'आहे' बाहेर राहिलंय.

त्या दिवसापासून मी एक वही केली. रोज वाचताना अशी रचना दिसली की उतरवायची, एवढंच. पहिल्याच आठवड्यात कळलं की ती सगळीकडे आहे. फॉर्मवर 'लीव्ह धिस स्पेस ब्लँक', डब्यावर 'कीप द कंटेनर टाइटली क्लोज्ड'. ही 'आहे तसंच राहू द्या' या जातीची क्रियापदं, त्यांनी त्रास दिला नाही. 'आय फाउंड द बुक डल', 'दे कन्सिडर हर ऑनेस्ट' ही मत सांगणारी. इथे मी वर्षानुवर्षं एक चूक करत होते: 'कन्सिडर'नंतर 'ॲज' घालायची. 'रिगार्ड'ला 'ॲज' लागतं, 'दे रिगार्ड हर ॲज ऑनेस्ट'. 'कन्सिडर'चं त्याच्यावाचून भागतं.

मग आली ती जात जिने मला खरं वेड लावलं. 'ही हॅमर्ड द मेटल फ्लॅट.' तो धातू ठोकतो, आणि ठोकण्याच्या शेवटी धातू सपाट झालेला असतो. 'शी पुश्ड द डोअर ओपन.' 'आय वाइप्ड द टेबल ड्राय.' इथे विशेषण क्रियेचा परिणाम सांगतं. वहीत मी प्रत्येकासमोर मराठी लिहीत गेले: ठोकून सपाट केलं. ढकलून उघडलं. पुसून कोरडं केलं. पान भरलं तेव्हा डाव्या-उजव्या बाजूंकडे पाहत बसले. मराठीत प्रत्येक ठिकाणी 'ऊन' आलं होतं! क्रिया कशी केली ते आपण 'ऊन' लावून आधी सांगतो आणि परिणामासाठी 'केलं', 'उघडलं' असं दुसरं क्रियापद आणतो. इंग्रजी एकाच क्रियापदावर दोन्ही ओझी टाकतं आणि परिणाम शेवटच्या विशेषणाकडे सोपवतं. हे दिसल्यावर उलट वाटही सापडली. मनात 'घासून लख्ख केलं' आलं की 'घासणं' पुढे घ्यायचं, 'केलं' सोडून द्यायचं आणि 'लख्ख' वस्तूच्या मागे ठेवायचं.

या वाटेने 'ही शाउटेड हिमसेल्फ होर्स'सुद्धा उलगडलं. ओरडून ओरडून त्याने घसा बसवून घेतला. 'शाउट' एरवी माणसाला कर्म म्हणून घेत नाही. कुणी स्वतःला ओरडत नाही. पण परिणाम सांगायचा तर तो कुणावर झाला हे सांगायला हवं, म्हणून 'हिमसेल्फ' आणून बसवलंय. हे वाक्य समजलं त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन करून ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

सगळंच मात्र असं जुळत नाही, आणि इथे मला बरेच आठवडे लागले. 'वाइप'नंतर 'क्लीन' चालतं, 'ड्राय' चालतं, पण 'वाइप्ड द टेबल डर्टी' कुणी म्हणत नाही, घाणेरड्या फडक्याने पुसलं तरी. 'शॉट हिम डेड' चालतं, 'शॉट हिम वूंडेड' नाही. 'ड्राइव्ह'ला मॅड, क्रेझी अशी वेडाकडे नेणारी विशेषणं लागतात; मी सरावात 'द न्यूज ड्रोव्ह मी हॅपी' लिहिलं तेव्हा मैत्रिणीने 'ड्रोव्ह' खोडून 'मेड' केलं. यामागे थोडी संगती दिसते: परिणाम बहुधा त्या क्रियेचा नेहमीचा शेवट असतो, पुसण्याचा स्वच्छता, गोळीचा मरण. पण निव्वळ तर्कावर नवी जोडी बनवायला मी अजूनही धजत नाही. क्रियापद आणि विशेषण जोडीनेच पाठ करते.

'दे एट द फिश रॉ' हे दिसायला तसंच, पण वेगळं. खाल्ल्यामुळे मासा कच्चा झाला नाही, खाताना तो कच्चा होता. मराठीतही आपण 'मासा कच्चा खाल्ला' म्हणतो, त्यामुळे हे लगेच पचनी पडलं.

जागेचाही एक अपवाद आहे. कर्म लांबलचक असेल तर विशेषण त्याच्या पुढे उडी मारतं: 'दे सेट फ्री ऑल द प्रिझनर्स हेल्ड सिन्स द वॉर.' सर्वनामाला ही सवलत नाही. 'सेट देम फ्री' म्हणायचं, 'सेट फ्री देम' कधीच नाही. कर्म म्हणून पूर्ण वाक्य आलं की 'इट' जागा धरून ठेवतं: 'शी मेड इट क्लिअर दॅट शी वॉज लीव्हिंग.' आणि 'क्लिअर'च, 'क्लिअरली' नव्हे, कारण वर्णन क्रिया कशी केली याचं नाही, गोष्टीचं आहे.

गेल्या आठवड्यात कामावर एक छोटा अहवाल लिहायचा होता. सकाळी आम्ही आलो तेव्हा कपाटाचं कुलूप तुटलेलं होतं. बोटं सवयीने 'वुई फाउंड द ब्रोकन लॉक' टाइप करून मोकळी झाली. मी थांबले. वाचणाऱ्याला वाटलं असतं, तुटलेलं कुलूप हरवलं होतं आणि ते आम्हाला सापडलं. 'लॉक'च्या जागी 'इट' घालून पाहिलं, 'ब्रोकन' उचलून शेवटी ठेवलं, आणि अहवाल पाठवून दिला. या वेळी उलट प्रश्न आला नाही.