बारव उभी, थीम आडवी

वेबसाइटची तयार मांडणी म्हणजे थीम. ती विकणाऱ्यांच्या नमुन्यात फोटो कायम आडवे असतात. समुद्रकिनारा, कॉफीचा मग, कीबोर्डवर ठेवलेले हात. शीर्षक दोन इंग्रजी शब्दांचं. खाली लॅटिनसारखा दिसणारा बिनअर्थाचा मजकूर, तोही तीनच ओळी. एवढ्या सामानावर कुठलीही थीम देखणीच दिसणार. मंगल कार्यालय रिकामं असताना बघून आलं की ऐसपैस वाटतं. खरं काय ते पंगत बसल्यावर कळतं.

मी परभणीत वेबसाइट करून देते. आधी डीटीपी करायचे, लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल. आता गिऱ्हाइकं म्हणजे क्लासेस, दवाखाने, बियाण्यांची दुकानं. ब्लॉगवाला क्वचित येतो आणि आला की त्याला थीम म्हणजे रंग वाटतो. “निळ्यात दाखवा की.” रंग दोन मिनिटांत बदलतो हो. पण कशाच्या वर काय दिसणार, काय कापलं जाणार, काय मेनूच्या त्या तीन रेघांच्या आड लपणार, हे थीम बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते का, असं कुणी विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका गुरुजींनी विचारलं. काम होऊन गेलं, पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. नाद बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा. आपल्या जिल्ह्यात बारवांना तोटा नाही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची आहे, सेलू तालुक्यात वालूरची, जिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. बारवांवर लिहिणारे बहुतेक जण यादवांचा काळ, कोनाडे, शिल्पं यांच्यावर लिहितात. गुरुजी पाण्यावर लिहितात. जायचं, काठावर बसायचं, उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायच्या, तारीख घालून वहीत टिपायचं. दोन-तीन महिन्यांनी परत तिथंच. वहीत एका बारवेला एक पान, पानावर हातानं आखलेले रकाने: तारीख, कितवी पायरी, आणि शेवटी शेरा. शेरे असे: ‘मोटर नवी बसवली’, ‘गाळ काढला, गावकऱ्यांनी’, ‘पोरं पोहत होती, म्हणजे पाणी चांगलं’. मला ही वही बघताक्षणी आवडली. हे सगळं लोकांना दिसलं पाहिजे, हा हट्ट पुण्याच्या मुलाचा होता, आणि पैसेही तोच देणार होता.

मुलगा आयटीत. त्यानं थीम आधीच विकत घेऊन ठेवली होती. पुण्याहून येणाऱ्या लिंकांचा मला जुना अनुभव आहे. थीम घेतली म्हणजे नव्वद टक्के काम झालं, उरलेलं ‘जरा मजकूर टाकायचा’, असं या मंडळींना मनापासून वाटतं. ही थीम मासिकासारखी होती: वर पूर्ण रुंदीचा सरकता फोटो, खाली चौकटींची जाळी, स्क्रोल केलं की चौकटी उड्या मारत वर येणार. आमच्या दुकानातलं पोरगं तर खूश झालं. त्याला उडणारं काहीही आवडतं.

थीम पारखायची माझी पद्धत साधी आहे. नमुना पुसून टाकायचा आणि गिऱ्हाइकाचा सगळ्यात अडचणीचा लेख त्यात घालायचा. सगळ्यात लांब शीर्षक, सगळ्यात वाकडा फोटो, एखादा तक्ता. मग ते साध्या फोनवर उघडायचं. म्हणून गुरुजी दुकानात आले, मुलगा व्हिडिओ कॉलवर आला, आणि वालूरची नोंद थीममध्ये टाकली.

पहिला बळी फोटोचा गेला. गुरुजी बारवेच्या काठावरून फोन खाली धरून फोटो काढतात, उभा. त्यात वर काठ, मध्ये पायऱ्यांचं वर्तुळ, खाली पाण्याचा डोळा. थीमनं तो १६:९ च्या आडव्या चौकटीत कोंबला, म्हणजे वरून-खालून छाटून मधली पट्टी ठेवली. काठ गेला, पाणी गेलं. उरली ती एखादी दगडी भिंत असावी असं वाटत होतं. मुलगा म्हणाला, “मॅडम, फोटो आडवे काढायला सांगा ना अण्णांना.” गुरुजी काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, बारव खोल आहे, ती आडवी कशी काढणार?

मग शीर्षक. ‘वालूरच्या बारवेतलं पाणी चैत्रात कुठवर असतं’. इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांमध्ये थोडं अंतर टाकायची फॅशन आहे; देवनागरीत तेच अंतर शिरोरेघ तोडतं आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधली जागा इतकी कमी की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. थीमच्या फॉन्टात देवनागरी नव्हतीच. अशा वेळी ब्राउझर हाताशी असेल तो फॉन्ट लावतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. म्हणजे मुलानं पुण्यात पाहिलेलं पान आणि गुरुजींच्या फोनवरचं पान, दोन्ही वेगळीच. आम्ही ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट लावला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टवाल्यांचा आहे, फुकट आहे, आणि बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, आहेत. तिरो देवनागरी मराठी मला जास्त देखणा वाटतो, पण त्यात जाड वजन नाही. मथळा ठळक केला की ब्राउझर स्वतःच अक्षरं फुगवतो. साइटची भाषा मराठी ठेवायची, हेही कितीजण विसरतात. फॉन्टात सोय असेल तर त्यानं ल आणि श मराठी वळणाचे येतात. मथळ्याला ओळींचं अंतर दीडपट, मजकुराला पावणेदोनपट, आणि दोन्ही बाजूंनी समान केलेला मजकूर बंद. मराठी शब्द लांब, ओळीच्या शेवटी तुटत नाहीत. मग मध्ये भगदाडं पडतात. हे सगळं करून मथळा वाचण्याजोगा झाला. तोवर तो फोनवर चार ओळींचा झाला होता आणि सरकत्या फोटोवर मावत नव्हता.

पत्त्याचं दुखणं वेगळंच. साइट ज्याच्यावर चालते ते वर्डप्रेस लेखाचा पत्ता मथळ्यावरून बनवतं आणि २०० चिन्हांवर थांबतं. इंग्रजीत २०० पुष्कळ झाली. देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रासुद्धा वेगळी धरून, तिथं टक्केचिन्हांत मोडून नऊ चिन्हांचं होतं. म्हणजे बाविसेक अक्षर-मात्रांत खेळ खलास. या मथळ्यातलं ‘वालूरच्या बारवेतलं पाणी’ एवढंच राहिलं, चैत्र गळाला. आषाढाच्या नोंदीचा पत्ताही तोच, फक्त शेवटी २. गुरुजींच्या कामात महिना हाच जीव, आणि यंत्रानं नेमका तोच खाल्ला. मी असे पत्ते हातानं, रोमन लिपीत, गाव-महिना-साल असे लिहिते. मराठीवाले यावर नाक मुरडतात. मुरडोत. व्हॉट्सअॅपवर टक्केचिन्हांचा वीतभर पत्ता आला की तेच लोक ‘हा व्हायरस आहे का’ म्हणून विचारतात.

एवढ्यात लाईट गेली. मे महिना, इन्व्हर्टरवर पंखा आणि एकच मशीन. आम्ही बाहेर लिंबाखाली खुर्च्या टाकल्या आणि गुरुजींच्याच फोनवर थीमा बघायला लागलो. ही परीक्षा मी ठरवून कधी घेतली नव्हती, आता घेते. उन्हात थीमची नाजूक राखाडी अक्षरं पांढऱ्यावर दिसेनाशी झाली. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, असं वेबचं सुलभतेचं प्रमाण सांगतं. फिकट राखाडीला ‘एलिगंट’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा कधी बघितलेला नसतो. सरकता फोटो चार वेळा अडखळला. तीन रेघांचा मेनू गुरुजींनी दाबलाच नाही. तो दाबायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांच्या वाचकांनाही नसणार.

मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो चिडला. पैसे गेले होते. त्याला शेवटचं जे पटलं ते वेगळंच. त्या थीमबरोबर पान रचायचं तिचं स्वतःचं यंत्र होतं. मी एक पान त्यात रचलं, मग थीम बंद करून वर्डप्रेसची घरची थीम लावली. पानभर चौकोनी कंसातले कोड पसरले, मजकूर त्यांच्यात अडकलेला. विकत घेतलेली थीम कधीतरी सोडावी लागणार, तेव्हा अण्णांच्या वह्यांचं हे होणार, एवढंच म्हटलं. आयटीतला माणूस, अडकून पडणं त्याला लगेच कळलं.

मग मी माझी निवड दाखवली: ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह, फुकट, वर्डप्रेसनं २०२४ च्या शेवटी आणलेली. एकच स्तंभ, फोटो जसा आहे तसा उभा ठेवला, मेनू उघडा ठेवला. मुख्य पानावर ताज्या नोंदी, सगळ्यात नवी वर. माझ्या लेखी काम संपलं होतं.

गुरुजींनी फोन लांब धरून बघितलं आणि विचारलं, “ताई, नवं वर कशाला ओ?”

मी म्हटलं, ब्लॉग असाच असतो. वाचकाला ताजं हवं असतं.

“मग पाणी खाली गेलं का वर आलं, ते कळायचं कसं?” त्यांनी वही उघडली. वालूरचं पान. वरून खाली वाचत गेलं की एका उन्हाळ्यात पायऱ्या उघड्या पडत जातात आणि पावसाळ्यात बुडत जातात. उलटं वाचलं की पाणी उलटं वाहतं. शिवाय मुख्य पानावर वालूर, मग चारठाणा, मग परत वालूर, अशी सरमिसळ. त्यांना नुसती गावांची यादी हवी होती, तालुक्यांप्रमाणे. गाव दाबलं की जुनी नोंद वर, नवी खाली. वहीसारखं.

मुलगा फोनवरून म्हणाला, “अण्णा, मग ब्लॉग कशाला? रजिस्टरच झालं की ते.”

“रजिस्टरच आहे,” गुरुजी म्हणाले.

तांत्रिक बाजू सोपी निघाली. प्रत्येक भेट ही स्वतंत्र नोंद, प्रत्येक गाव हा एक वर्ग (कॅटेगरी), आणि गावाच्या पानावर नोंदींचा क्रम ‘जुन्यापासून नव्याकडे’. आजच्या वर्डप्रेसात पानावरच्या नोंदींच्या यादीतच हे निवडता येतं, कोड लागत नाही. नोंदी वेगळ्या ठेवल्या म्हणजे फीडमधून, म्हणजे साइटवरचं नवं आपोआप कळवणाऱ्या सोयीतून, मागावर असणाऱ्यालाही नवी नोंद पोचते. सगळं एकाच पानात भर घालत गेलं असतं तर कुणाला कळलंच नसतं. तारीख मी सहसा बारीक आणि फिकट ठेवते. इथं ती मथळ्याएवढी केली, शेजारी पायरीचा आकडा. मथळा मग लागलाच नाही. आठवडाभर ज्याच्याशी झटापट केली तो चार ओळींचा मथळा निघून गेला.

अडलं ते मुख्य पान. गावांची यादी तीच ती राहते. मुलगा म्हणतो साइट मेलेली दिसते, आणि त्याचं खोटं नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला कळतच नाही की गुरुजी गेल्याच आठवड्यात कुठल्या तरी बारवेवर जाऊन आले. माझ्या धंद्यातला नियमही हेच सांगतो: काही हलतंय हे दाराशीच दिसू दे. पण हा नियम रोज बातम्या देणाऱ्यांसाठी बनला आणि आम्ही तो सगळ्यांना लावत सुटलो, असंही मला आता वाटतं. वर्षातून चारदा बदलणाऱ्या गोष्टीनं रोज बदलल्याचा आव कशाला आणावा? तरी मी मधला मार्ग म्हणून यादीच्या वर एक ओळ टाकली: शेवटची नोंद, गाव, तारीख, पायरी.

गुरुजींना ती आठवडाभरात नकोशी झाली. एका गावच्या सरपंचांचा फोन आला म्हणे, आमचं नाव वर का नाही, आमची बारव जुनी आहे. दुसऱ्या गावच्या पोरांनी, आपलं नाव वर असताना, त्या ओळीचा फोटो स्टेटसला ठेवला. नाव खाली गेल्यावर गुरुजींना विचारलं की परत कधी येता. गुरुजींना भीती ही की आता लोक पायरी बघायला नाही, ओळीत यायला बोलावतील, आणि ते पाणी कमी असताना बोलावणारच नाहीत. मुलाला मात्र हेच हवं होतं. गावं भांडतायत म्हणजे लोक वाचतायत, असा त्याचा हिशेब.

ती ओळ अजून आहे. गुरुजींनी काढायला सांगितलीय, मुलानं मोठी करायला, आणि साइटचं बिल मुलाच्या नावावर निघतं.