लेकरू गेलेल्या घरी जाताना

लेकरू गेलेल्या घरी कधी जावं, तिथं काय बोलावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या यवतमाळकडे आसपासच्या गावात कुणाचं तरणं पोरगं गेलं की मला फोन येतो. फोन करणाऱ्याला त्या घरी जाऊन बसायचं असतं आणि पाय उचलत नसतात. "भाऊ, तुमच्यावर ही वेळ येऊन गेली. आम्ही तिथं जाऊन बोलावं काय?"

आमचा मुलगा बारावीला होता. कपाशीत रोही (नीलगायी) आणि रानडुकरं शिरतात म्हणून रात्री जागलीला गेला, तिथं त्याला साप चावला. ग्रामीण रुग्णालयातून पुढं पाठवलं, वाटेत गेला. याहून जास्त मी कुणाला सांगत नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तरही हेच आहे: त्या आईबापांकडून हकीकत काढून घेऊ नका.

मौतीच्या घरी लोक येतात ते माया असते म्हणूनच येतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "कसं झालं?" मग दुसरा, "टॉर्च नव्हता का जवळ?" मग, "रातच्याले एकट्याले काहून जाऊ देल्लं?" आणि शेवटी, "दवाखान्यात लवकर काहून नाही नेलं?" विचारणारा एकदाच विचारतो. सांगणारी आई मात्र तीच असते. दिवसभर माणसं येत राहतात आणि ती रात्र तिला पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागते. विचारणाऱ्याच्या मनात काय असतं तेही मला आता समजतं. आमची काहीतरी चूक सापडली, की ती टाळली तर आपलं पोरगं वाचेल असा धीर त्याला मिळतो. पण त्याचा तो धीर आमच्या जिवावर असतो.

हे सगळ्यात आधी ओळखलं समोरच्या घरच्या काकांनी. ते सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसत. गाडीवरून कुणी उतरलं की उठून पुढं जात, काय झालं ते बाहेरच चार वाक्यांत सांगत आणि वर म्हणत, "आत गेल्यावर काही विचारू नका, नुसते बसा." तेरवी होईपर्यंत त्यांनी हे काम केलं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या बायकोचे त्या दिवसांतले कितीतरी हुंदके त्या माणसाने वाचवले. तुम्हाला त्या घरासाठी काही करायचं असेल तर हे करा. ओट्यावर बसा.

बापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "वहिनी कशा हायेत?" आणि मग खांद्यावर हात ठेवून, "तुले खंबीर राहा लागते. तू रडशीन तर तिले कोन सांभाळीन?" बापाला रडायची मोकळीक नाही, आणि वर कागद त्याच्याच हातात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो, 10 ते 75 वर्षांपर्यंतचं घरातलं माणूस बसतं, कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, पण अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. तेरवीचे दिवस त्यातच निघून जातात. गावातल्या सेतू केंद्रावरच्या पोराने सातबारा आणि बाकीचे कागद स्वतः गोळा केले आणि फाईल लावून माझ्याकडे फक्त सहीला आणली. सही करताना तो मान खाली घालून उभा राहिला. काही बोलला नाही, हे बरं केलं. पुढे मात्र चौकात लोक विचारायचे, "पैसे आले का?" हा प्रश्न कुणीच कुणा बापाला विचारू नये. सहज म्हणून विचारला तरी पोराची किंमत विचारल्यासारखा लागतो.

तेव्हा श्रावण होता, कपाशीला डवरणी, म्हणजे कोळपणी, हवी होती, आणि पीक कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. धुऱ्यापलीकडचा शेजारी एवढंच म्हणाला, "माहे डवरे मोकळे हायेत. उद्या तुह्या वावरात घालतो." काही लागलं तर सांग, असं म्हणणारे पुष्कळ होते. मनापासून म्हणत होते, पण काय लागतं हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं, मग सांगणार काय? त्या शेजाऱ्याने विचारलं नाही. वावर पाहिलं आणि काम केलं.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी मोठ्यानेच सांगतो. कोठ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या माझ्या साळ्याने पहिल्याच दिवशी उचलून आपल्या घरी नेल्या. आपल्या भागात याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. तुम्हीही न्या. आईबापांपैकी कुणाचं जेवण तुटलं असेल, कुणी मरणाच्या गोष्टी करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या सरकारी सेवेच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोनला पैसे लागत नाहीत. फोन तुम्ही लावून हातात द्या. त्या अवस्थेत माणूस स्वतः नंबर लावत नाही.

समजूत घालणाऱ्यांनी मला गाडगेबाबा फार ऐकवले. शेंडगावचे बाबा आमच्या मातीतले. मुलगा गेल्याचा निरोप कीर्तनात आला आणि त्यांनी कीर्तन चालूच ठेवलं, कोट्यानुकोटी गेले, एकासाठी काय रडायचं म्हणाले, असं सांगतात. माझी बाबांवर श्रद्धा आहे. पण ते त्यांनी स्वतःच्या पोराबद्दल, स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. ते दुसऱ्याच्या पोराबद्दल, त्याच्या बापासमोर म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. "एक पोरगी हाय ना अजून," "देवाले आवडला," ही वाक्यंही त्यातलीच. पोरगी आहे, तिच्यावर माझा जीव आहे. तिच्या भावाची जागा भरून काढायचं काम तिच्यावर टाकू नका.

त्याउलट गावातल्या एका गुरुजींनी बाबासाहेबांचं एक पत्र वाचून दाखवलं. 1926 साली धाकटा मुलगा राजरत्न गेला. तो धरून त्यांची चार लेकरं गेली होती. मित्राला लिहिलेल्या त्या पत्रात बाबासाहेब म्हणतात की मी आणि माझी बायको या धक्क्यातून सावरलो असं दाखवण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असं वाटतही नाही. वाचून गुरुजी थांबले. त्यांनी पुढं काही समजावलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसासमोर रडलो. एवढ्या मोठ्या माणसाला सावरता आलं नाही आणि त्याने ते लिहून ठेवलं, याने मला जो आधार झाला तो खंबीर राहा म्हणणाऱ्या एकाही वाक्याने झाला नव्हता.

जायचं कधी, असंही तुम्ही विचारता. तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं, शेजारून पिठलं-भाकरी येते. मंडप निघाला की सगळं एकदम थांबतं. खरं तर तेव्हा जा. आमच्या घरामागची बाई तेरवीनंतर दुपारी आपलं सूप आणि तूर घेऊन यायची आणि माझ्या बायकोजवळ बसून निवडायची. कधी बोलणं व्हायचं, कधी नाही. काही महिन्यांनी बायकोने तिच्या सुपातली मूठभर तूर आपल्या पुढ्यात ओढली. त्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक ती पुन्हा करायला लागली.

आमच्या पोराचे दोस्त मात्र यायचे बंद झाले होते. त्यांना पाहून आम्हाला त्रास होईल असं त्यांच्या घरच्यांना वाटलं. पुढच्या पोळ्याला, खांदशेकणीच्या संध्याकाळी, ते सगळे मिळून आले, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावलं, दुसऱ्या दिवशी जोडी तोरणाखाली नेली. रात्री अंगणात बसून त्यांनी त्याच्या शाळेतल्या उचापती सांगितल्या, मास्तरांच्या सायकलीची हवा कुणी सोडली ते सांगितलं. आम्हाला ठाऊक नसलेलं आमचं पोरगं त्या रात्री कळलं. त्रास झाला, खूप झाला. तरी ते दर वर्षी यावेत असं आम्हाला वाटतं आणि ते येतात.

आता त्याच्या वयाच्या पोरांची लग्नं ठरू लागलीत. कुणी पत्रिका द्यायला कचरतं, कुणी दुसऱ्याच्या हाती पाठवतं, हळदीला बोलवावं की नाही यावर घरात कुजबूज चालते. पत्रिका द्या. स्वतः येऊन द्या, चहा घ्या, माझ्या बायकोला हळदीचं आवतण द्या. यायचं की नाही ते आम्ही त्या दिवशी ठरवू.