उजेडात धरलेली साडी

परभणीला आमच्या गल्लीत दुपारी येणारी भांडेवाली जुनी साडी हाती लागली की आधी ती उलगडून उन्हाकडे धरीत असे. उन्हात साडीचे सारे वय दिसते. बसण्याच्या जागी विरलेले सूत, खिळ्याला अडकून गेलेला काठ, कसर लागून पडलेली बारीक भोके, काहीच लपत नाही. "माय, ही तर चाळणी झाली," असे म्हणून ती पातेले पुन्हा टोपलीत ठेवी, आणि आई नाइलाजाने आणखी एक साडी आणायला आत जाई. तासभर घासाघीस चाले. पण पातेले एकदा घरात आणि साड्या एकदा गाठोड्यात गेल्या, की दोघींपैकी कोणीही पुन्हा तो विषय काढत नसे. साऱ्या तक्रारी सौद्याच्या आधीच होऊन गेलेल्या असत.

गेली तीन वर्षे मी मोबाइलवरून जुन्या साड्या विकते आहे आणि इथे क्रम नेमका उलटा आहे. फोटो पाहून बाई दोन मिनिटांत हो म्हणते, पैसे पाठवते, आणि साडी उन्हात धरण्याचे काम पार्सल घरी पोचल्यावर करते.

माझ्याकडे आलेली पहिली तक्रार वासाची होती. सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेतून निघालेले एक सुरेख इरकल मी नाशिकच्या एका बाईंना पाठवले होते. ते कपाटात ठेवल्यापासून आपल्या इतर कपड्यांनाही डांबराच्या गोळ्यांचा वास येऊ लागला आहे, असे त्यांनी कळवले. मला राग आला, कारण तो वास मला कधी जाणवलाच नव्हता. लहानपणापासून चांगल्या कपड्यांचा वास म्हणजे तोच, अशी माझी समजूत होती. पण त्यांचे खरे होते. डांबरगोळीची वाफ होऊन ती कापडाच्या घडीघडीत शिरते आणि मोकळ्या वाऱ्यावर राहिल्याशिवाय निघत नाही. तेव्हापासून प्रत्येक साडी पाठवण्यापूर्वी चार दिवस ओसरीत सावलीला टांगलेली असते, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा "आज काही कार्यक्रम आहे का?" असे विचारतो.

रंगाच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात आणि त्यांत कोणाचाच दोष नसतो. मी वांगी म्हणते ते समोरच्या बाईला जांभळे वाटते, माझी डाळिंबी तिच्याकडे जाऊन लाल होते, आणि मोबाइलचा कॅमेरा ट्यूबलाइटच्या उजेडात स्वतःचेच काही ठरवून मोकळा होतो. धूपछाव साडीपुढे तर मी हातच टेकले. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे ती नेसणारी बाई वळली की साडीचा रंगही वळतो. अशी एक साडी मी हिरवी म्हणून विकली आणि ती घेणाऱ्या बाईंनी आपल्या घरी काढलेला फोटो पाठवला; त्यात ती स्वच्छ तपकिरी होती. आम्ही दोघीही खरे बोलत होतो. पैसे मात्र मीच परत केले.

ब्लाउज विकणे मी जवळजवळ बंद केले आहे. मापाला छाती चौतीस लिहिले की छत्तीसवाली विचारते, "आत माया आहे का?" शिवणकामात शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, हे ज्याला पहिल्यांदा सुचले असेल त्याने बायकांचे आयुष्य जवळून पाहिले असावे. माया आहे, असे मी लिहिते. पण वीस वर्षांपूर्वीची शिलाई उसवली की आतले कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघते, हे लिहायचे विसरते आणि मग पुढचा आठवडा त्या दोन गडद पट्ट्यांविषयी बोलण्यात जातो.

काळ्या पडलेल्या जरीविषयीची तक्रार मात्र मी आनंदाने ऐकते. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदी हवेने काळवंडते, म्हणून जुन्या साडीची जर काळसर होणे हे तिच्या खरेपणाचे लक्षण आहे, असा एक परिच्छेद माझ्याजवळ तयार असतो. जर वर्षानुवर्षे झगझगीत राहिली, तर उलट संशय घ्यावा. हे वाचून बहुतेक बायका साडी ठेवून घेतात आणि एखादी तर वर आभारही मानते.

पैसे परत करण्यातला खरा पेच किमतीचा नसून टपालाचा असतो. सहाशेची साडी जाताना स्पीड पोस्टचा खर्च माझा, पण येताना तो कोणाचा, यावर जितकी चर्चा होते तितकी साडीवरही होत नाही. चूक माझी असेल तर दोन्ही खर्च माझे आणि मन बदलले असेल तर येण्याचा खर्च तिचा, असे मी ठरवले आहे. मात्र मन बदलल्याचे आजवर एकीनेही कबूल केलेले नाही. २०२० साली ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षणाचे नियम आले, त्यांनुसार माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. खासगी पातळीवर, नियमित व्यवसाय म्हणून न केलेल्या विक्रीला ते नियम लागू नाहीत, असेही त्यांत आहे. मी यांपैकी नेमकी कोणत्या बाजूला येते, असे मी यजमानांना विचारले, तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले, "पोस्टातली माणसं तुला नावानं ओळखायलीत, आता तूच ठरव."

फसवणारेही भेटतात. पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगणाऱ्याला मी एका वाक्यात वाटेला लावते, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, एवढे आता गल्लीतल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे. त्याहून अवघड असते ते लग्नतिथीच्या आधी गेलेली आणि लग्नतिथीनंतर "आवडली नाही" म्हणून आलेली साडी. तिच्या निऱ्यांत अक्षता सापडतात. आता मी पदराच्या टोकाला लाल धाग्याचा एक टाका घालून पाठवते आणि तो तुटला असेल तर साडी परत घेत नाही. हा टाका घालताना मला थोडी लाजही वाटते, कारण शंभरातल्या दोघींसाठी तो अठ्ठ्याण्णव जणींच्या पदराला लागतो.

पण ज्या तक्रारीने मला खरोखर गप्प केले ती पैठणीची. माझ्या लग्नात आत्याने मला पैठणी दिली होती. राणी रंग, मोराचा पदर. आत्याने त्यासाठी कापसाच्या विक्रीतले पैसे बाजूला ठेवले होते, असे आमच्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाई. ती साडी विकावी असे मला का वाटले, हे सांगणे कठीण आहे. वापर नव्हता, कपाटात जागा नव्हती, आणि मुलीने "मी असलं जड काही नेसणार नाही" असे स्वच्छ सांगितले होते. साडेचार हजारांना ती पुण्याच्या एका बाईंनी घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. शब्द अत्यंत सभ्य होते. सोबत पदराच्या उलट्या बाजूचा फोटो होता. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्याला सुलट-उलट नसते. इथे मोरांच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांचे नुसते रान माजले होते. "ताई, ही सेमी पैठणी आहे. तुम्हाला ठाऊक नसावं, असं मी धरून चालते."

मला ठाऊक नव्हते. बावीस वर्षांत मी तो पदर एकदाही उलटा करून पाहिला नव्हता, उन्हात धरणे तर दूरच. पैसे मी त्याच संध्याकाळी परत केले, दोन्ही वेळचे टपालही सोसले आणि साडी आल्यावर ती जुन्या घडीवर चिरू नये म्हणून नवी घडी घालून पुन्हा कपाटात ठेवली. आत्याला दुकानदाराने फसवले, की आत्याने जितके जमले तितके केले आणि बाकीचे नावाने भरून काढले, हे मी कोणाला विचारणार होते?

त्या वर्षी महालक्ष्म्यांना आत्या आली. थोरल्या महालक्ष्मीला मी तीच साडी नेसवली होती. सोळा भाज्यांचा नैवेद्य झाल्यावर आत्या मुखवट्यांपुढे बसली, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लागलेल्या चष्म्यातून तिने पदर हातात धरून जवळून निरखला.

"बघ माय," ती म्हणाली, "एवढी वर्षं झाली, पण जर कशी लखलख करायली. तसूभर काळी पडली नाही."

मी "हो आत्या" म्हणाले आणि तिला विडा दिला.