आमच्या जीपचं कूळ

दर काही वर्षांनी आमच्या घरी भाट येतो. ओट्यावर सतरंजीवर बसतो, लाल फडक्यात बांधलेला चोपडा सोडतो (आमचा तालुकाही चोपडाच, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, गावाचं नाव याच वहीवरून पडलं असणार) आणि आमच्या पिढ्या एका दमात म्हणून दाखवतो. नवे जन्म टिपतो, चहा-दक्षिणा घेतो, पुढच्या गावाला लागतो. गेल्या खेपेला चोपडा बांधता बांधता त्याची नजर खळ्यातल्या जीपवर गेली. "हिचं कूळ कोणतं?" त्यानं गमतीनं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "विलीस."

तिथून लचांड सुरू झालं.

लढाई संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे नको असलेल्या सामानाच्या विक्रीतून, आबांनी, म्हणजे आजोबांनी, ही जीप घेतली. त्यानंतर तिनं केळीचे घड वाहिले, शेणखत वाहिलं, एका पावसाळ्यात अडलेली बाळंतीण तालुक्याला नेली. तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. आबा त्याच सीटवर बसून बिडी ओढत गाडी हाकायचे आणि मागे बसलेली मोठी माय, म्हणजे आजी, मुक्कामाला पोचेपर्यंत रामनाम सोडायची नाही. हेडलाइट बिजागरीवर बसवलेले. चापाचा नट सैल केला की मागे वळतात आणि उजेड थेट इंजिनवर पडतो. लष्करी डोक्याची कमाल. रात्री रानात गाडी बंद पडली तर टॉर्च धरायला माणूस लागत नाही. लहानपणी ते टॉर्च धरणारं माणूस होण्याची माझी फार इच्छा होती, ती या बिजागरीनं हाणून पाडली.

आता कूळ. महायुद्धातली ही जीप दोन घराण्यांत जन्मली. मूळ गादी ओहायोतल्या टोलेडोची, विलीस-ओव्हरलँड कंपनीची. पण सैन्याला पुरतील इतक्या जीपा एकट्या विलीसला जमेनात, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डलाही काम दिलं. 1941 ते 1945 या काळात विलीसनं सुमारे 3.6 लाख आणि फोर्डनं सुमारे 2.8 लाख जीपा काढल्या. विलीसची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. त्यातला जी सरकारी कामाचा, पी 80 इंची व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा) आणि डब्ल्यू विलीसचा. म्हणजे फोर्डनं गाडीच्या नावातच सासरचं अक्षर लावून घेतलं होतं. दोन्हींचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत, ही सैन्याची अट. अट सोयीची खरी, पण पुढे वंशावळ शोधणाऱ्याच्या मुळावर आली.

डॅशबोर्डवर, खणाच्या दारावर, जन्मतारखेची पाटी असते. आमच्याकडे पाटीच्या जागी नुसती भोकं. एका भोकात मोठ्या मायनं कधीतरी लिंबू-मिरची टांगलेली. मग मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. रेडिएटरच्या खाली चॅसिसची आडवी दांडी असते. विलीसची गोल नळीसारखी, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. हात लावून पाहिलं. गोल! मी खालूनच ओरडलो. नाना, म्हणजे वडील, ओट्यावर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मग डोकं आपटू नको."

बाहेर येताना मडगार्डचा एक बोल्ट डोळ्यासमोर आला. गंज खरवडला तर माथ्यावर वळणदार एफ. फोर्ड आपल्या बोल्टांवरही हे अक्षर उमटवत असे. दुसऱ्याचा भाग मोडला तर भरपाई आपल्या गळ्यात नको, म्हणून ही खूण, असं सांगतात. त्या आठवड्यात मी असे अकरा एफ मोजले. म्हणजे हाडं टोलेडोची आणि सांधे फोर्डचे. त्यात मागचं फळकं खाली उघडतं. घड चढवायला हे सोयीचं, म्हणून कोणी कधी विचारच केला नाही. पण लष्करी जीपला मागे उघडणारं फळकं नसतंच. तो मुलकी जीपचा थाट. मुंबईत महिंद्रनं 1947 पासून विलीसच्या जीपा जोडायला घेतल्या, तशाच एखाद्या जीपचा मागचा पत्रा आमच्या गाडीला चढलेला दिसतो. आणि इंजिनाचं तर विचारूच नका. पेट्रोल परवडेना तेव्हा नानांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. मॅटाडोर पुण्याजवळच्या आकुर्डीत बनायची, म्हणजे काळीज आकुर्डीचं.

मी धुळ्याच्या मिस्त्रीकडे गेलो. मुंबई-आग्रा रस्त्यावर आयुष्य गेलेला माणूस. जीपच्या आवाजावरून तिचा आजार सांगतो. माझा सगळा शोध त्यानं शांतपणे ऐकला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "भो, गाडी चालस ना? मंग काय कुंडली दखी लगीन लावनं शे का?"

लग्न लावायचं नव्हतं, पण माझा एक बेत होता. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचे 20,000 रुपयेही मी बाजूला काढले होते. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नानांना नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. इंजिन बदललं नसतं तर गाडीच भंगारात गेली असती. हे लिही म्हणावं अर्जात." अर्जात तसा रकाना नाही. मी अर्ज भरला नाही.

परवा धुळ्याहून परत निघताना डावं मडगार्ड खडखडायला लागलं. मिस्त्रीनं एक बोल्ट काढला, नवा पिळला, जुना मागे डब्यात भिरकावला. काही किलोमीटर गेल्यावर, लळिंगचा किल्ला दिसायला लागला तेव्हा, मला आठवलं, की चोपड्याऐवजी मी मालेगावच्या रस्त्याला लागलोय आणि बाराखडी विसरावी तसा आमचा एक एफ मागे राहिलाय. गाडी वळवली. मिस्त्रीचा तेलकट डबा मी पोत्यावर ओतला. वॉशर, पिना, तुटके स्प्रिंग आणि त्यात एफवाले बोल्ट, एक नव्हे, चार. चारही सारखेच गंजलेले.

"यातला आमचा कोणता?"

मिस्त्रीनं वर न पाहता सांगितलं, "कोनता बी ली जा."