कानातला मणी आणि खिशातला फोन

2022 च्या फेब्रुवारीत इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत भरारी पथकाने दोघांना पकडलं. एकाच्या पँटच्या आतल्या चोरखिशात फोन होता, तो ब्लूटूथला जोडलेला. कानात मात्र काहीच दिसेना, कारण कातडीच्या रंगाचं यंत्र कानातच बसवून घेतलेलं होतं!

कानातलं असं मण्याएवढं यंत्र, म्हणजेच मणी, नुसता आवाज ऐकवतं. बाहेरचा माणूस बोलणार फोनवर, आणि फोनचा आवाज बहुधा गळ्यात किंवा कपड्यात दडवलेल्या तारेच्या वेढ्यातून चुंबकीय लहरींनी कानापर्यंत जाणार. मणी इतका बारीक, की वरवर हात फिरवून तो सापडत नाही. म्हणून शोधायचा तो फोन: कंबरपट्टा, आतले खिसे, मोजे.

2015 च्या अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षेत, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत, हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर झाली. कपड्यांत शिवलेल्या यंत्रांवर उत्तरं पोचवली गेली. 15 जूनला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द केली, 25 जुलैला फेरपरीक्षा झाली. या प्रवेश परीक्षेला अर्ध्या बाह्या आणि चपला घालूनच येण्याचा जाच तेव्हापासूनचा.

बहुपर्यायी प्रश्नांत 'क, अ, ड' एवढं ऐकलं की काम भागतं. दीर्घोत्तरी पेपरात सगळं उत्तर शब्दाशब्दाने उतरवावं लागतं, त्यात वेळ जातो. तोंडी परीक्षेत तर समोर परीक्षक आणि शेजारी रुग्ण. शिवाय मणी खोल सरकला तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि तो काढायला शेवटी कान-नाक-घसा विभागच गाठावा लागतो.